एकेचाळीस मंदावलेले, अडतीस घाईचे

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या वेधशाळेचे संचालक महोदय, प्रवासाचा शीण न मानता आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले सर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, कार्यशाळेतली, कचेरीतली आणि उपाहारगृहातली सगळी मंडळी, आणि मागे दाराशी उभं राहून ‘ही बाई आता किती वेळ घेणार’ याचा अंदाज बांधणारे माझे तरुण सहकारी, सर्वांना नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. बोलणं हा माझा प्रांत नव्हे. एकोणतीस वर्षं मी इथे मोजणीचं काम केलं. दुर्बिणीतून आकाशाचा फोटो उतरवलेली काच घ्यायची, तिच्यावरचा काळा ठिपका, म्हणजे एक तारा, भिंगाखाली धरायचा, शेजारच्या ठिपक्यांपेक्षा तो किती मोठा ते बघायचं आणि वहीत लिहायचं. तोंड बंद ठेवून करायचं काम आहे हो ते. सरांनी माझं नाव ‘मोजपट्टीबाई’ ठेवलं, आणि आता खुद्द पगारपत्रक करणाऱ्यांनाही माझं खरं नाव आठवायला वेळ लागतो.

मघाशी निवेदकांनी जाहीर केलं, ‘आता सरांना गुच्छ देण्यात येईल,’ तेव्हा आपण पाहिलंत का? इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या सरांनी चटकन वर पाहिलं. आणि फुलं दिसल्यावर पुन्हा मान खाली घातली. त्यांना अडतीस वर्षांत गुच्छ एकच माहीत. तो आकाशातला.

आता एक अवघड गोष्ट. परवा सरांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, “मोजपट्टीबाई, तुम्ही बोलणार आहात म्हणे.”

म्हटलं, “हो सर, चार शब्द.”

“चार बोला, चाळीस बोला. पण ज्याला आकड्याचा आधार नाही असं एकही वाक्य बोलू नका. निरोपाच्या दिवशी माणसं फार सैल बोलतात.”

प्रमुख पाहुण्यांची क्षमा मागून सांगते, सर मला हे सांगून बसलेत, म्हणून माझा नाइलाज आहे. आपण आत्ता फार सुंदर बोललात. आपण म्हणालात, सरांनी ताऱ्यांना म्हातारं होताना पाहिलं. संस्थेने दिलेल्या मानचिन्हावरही तेच कोरलंय. ऐकायला छान वाटतं. पण सरांनी तसं पाहिलं नाही. ते पाहायला आले होते. त्यांना ते दिसलं नाही. आज मी बोलणार आहे ते याच्याबद्दल.

या सभागृहात स्वयंपाकघरातली मंडळी आहेत, चालक आहेत, सुतारकाम करणारे आहेत. त्यांच्यासाठी थोडं सांगते, जाणकारांनी तेवढ्यापुरते कान बंद करावेत. आकाशात ताऱ्यांचे काही गोल गुच्छ आहेत. एकेका गुच्छात लाखो तारे, मुंग्यांच्या वारुळासारखे दाटलेले. हे सगळे साधारण एकाच वेळी जन्मले, आणि आपल्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. सरांची मुलगी, छोटी, आठ-नऊ वर्षांची असताना हे ऐकून म्हणाली होती, “म्हणजे अख्खा वर्ग एकाच वाढदिवसाचा!” तिने म्हटलं ते अगदी खरं. तारा कसा वाढतो, कसा थकतो, याचा सिद्धांत तपासायला याहून चांगला वर्ग नाही. वय सारखं, अंतर सारखं. मग एक पुढे गेला नि एक मागे राहिला, तर ते वजनामुळे.

या वर्गात काही तारे धपापतात. फुगतात, आक्रसतात, फुगतात. एक ठोका साधारण बारा-तेरा तासांचा. सिद्धांत म्हणतो, अशा ताऱ्याचं वय वाढलं, तो हळूहळू फुगत गेला, की त्याचा ठोका लांबतो. किती लांबतो? शंभर वर्षांत अर्धा सेकंदही नाही. मग तुम्ही म्हणाल, हे मोजणार कोण? पण ठोक्याचा उशीर साठत जातो. रोज पाव मिनिट मागे पडणारं घड्याळ महिन्याभरात गाडी चुकवतंच की नाही? तसं. शंभर वर्षांचा उशीर साठला की तीन-चार तास होतात. तीन-चार तास मोजता येतात. इथल्या जुन्या काचा सर येण्याच्या पन्नास वर्षं आधीपासूनच्या होत्या. त्यांना स्वतःची तीस-चाळीस वर्षं जोडली, तर माणसाच्या एका आयुष्यात ताऱ्याचं वय सरकताना हाती लागेल, असा तो हिशेब होता.

सर अठ्ठाविसाव्या वर्षी इथे आले. नवीन लग्न झालेलं. वहिनींना म्हणाले होते, दहा वर्षांचं काम आहे. वहिनी हसतायत बघा. वहिनी, तुम्ही शाळेत शिकवायचात; दहा म्हणजे किती हे तुम्ही त्यांना नीट शिकवायला हवं होतं.

लोकांना वाटतं, ताऱ्यांचं काम रात्रीचं. रात्री फक्त माल येतो. काम दिवसा. सकाळी नवाला मी मोजणीच्या खोलीत यायचे तेव्हा सर आधीच उजेडाच्या टेबलापाशी वाकलेले असायचे, डाव्या भुवईवर भिंगाच्या कडेचा वळ उमटलेला. गुच्छातले धपापणारे तारे चौऱ्याण्णव. त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. छोटी शाळेतून थेट त्या खोलीत यायची आणि माझ्या खुर्चीशेजारी बसून गणितं सोडवायची. पुढे तिने गणितंच धरली. बापाने डोळे ताऱ्यांना लावले, लेकीने कागदाला. तारा आत कसा जळतो, कधी फुगेल, याची समीकरणं ती मांडू लागली. बघा, कसा योग जुळून आला. बापाच्या वह्यांनी ज्याची परीक्षा घ्यायची, त्या सिद्धांताचं गणित त्याच्याच मुलीने मांडलेलं. तिच्या गणिताप्रमाणे आपल्या गुच्छातले बहुतेक तारे मंदावायला हवे होते.

आणि मंदावलेच. सात वर्षांपूर्वी सरांनी निकाल काढला. चौऱ्याण्णवांपैकी छत्तीस तारे ‘खोडकर’ म्हणून बाजूला काढलेले. त्यांचे ठोके मध्येच उडी मारतात, भरवसा नाही. उरलेल्या अठ्ठावन्नांपैकी त्रेचाळीस मंदावत होते, आणि तेही छोटीच्या आकड्याशी जुळावं तितकेच. त्या दिवशी सरांनी अख्ख्या कार्यशाळेला चहा पाजला. स्वतः करून पाजला, त्यामुळे तो कुणाला फारसा प्यायला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. छोटी तेव्हा दूरच्या एका विद्यापीठात तीन वर्षांच्या मुदतीच्या जागेवर होती. जागा कायम करण्याची मुलाखत महिन्यावर आलेली. तिने आपला शोधनिबंध या आकड्यांवर उभा केला. बाप-लेकीचं नाव एका कागदावर येणार होतं.

एक दिवस तिचा मला फोन आला. “मावशी, एक काम कराल? वगळलेल्या प्रत्येक ताऱ्यापुढे वगळण्याचं कारण लिहून द्याल? शेवटी तक्ता जोडीन म्हणते. कुणी बोट ठेवायला नको.”

तिनेच विचारलं हो. मी आपणहून गेले नव्हते. हे मी गेली सात वर्षं स्वतःला सांगत आलेय.

मी तक्ता करायला बसले. छत्तीस तारे, छत्तीस कारणं. बेचाळीस नंबरच्या ताऱ्यापाशी अडले. कारण लिहिलेलं : ठोके चोवीस मिनिटांनी मागेपुढे होतात, म्हणून खोडकर. बरं. मग सतरा नंबर? तो सव्वीस मिनिटांनी मागेपुढे होत होता, आणि तो चांगल्यांच्या यादीत होता. मला वाटलं, लिहिताना चूक झाली असेल. पुढे गेले. एकाहत्तर नंबर, तसंच. आठ नंबर, तसंच. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की सतरा मंदावत होता आणि बेचाळीस घाईचा होता, म्हणजे त्याचा ठोका उलट आखूड होत चालला होता. मंदावणाऱ्याचा खोडकरपणा माफ, घाईवाल्याचा नाही. सरांनी हे जाणूनबुजून केलं नव्हतं, हे मी कुठल्याही व्यासपीठावर शपथेवर सांगेन. ती निवड अकरा वर्षांत, एकेक तारा करत झाली होती. ज्या ताऱ्याकडून जे हवं ते मिळत होतं, त्याला ते थोडं अधिक सांभाळून घेत गेले. आपण आपल्या मुलांना घेतो तसं.

मी सगळ्यांना एकच पट्टी लावली. मंदावणारे एकेचाळीस. घाईचे अडतीस. उरलेले पंधरा ना इकडचे ना तिकडचे. म्हणजे नाणं उडवून जे येईल तेच.

दोन दिवस मी ती वही घरी नेत होते आणि परत आणत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सरांसमोर ठेवली.

“आधी चहा घ्या, मोजपट्टीबाई.”

“सर, आधी हे बघा.”

त्यांनी बघितलं. भिंग न लावता बघितलं, आकडेच होते ते. बाहेर माळी पाण्याची नळी ओढत होता, तिचा फरशीवर घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

“हे मी केलं?”

“हो, सर.”

“कधी?”

“कधी असं नाही. हळूहळू होत गेलं.”

ते म्हणाले, “म्हणजे सरकत मी होतो.” आणि उठून त्यांनी त्याच खोलीतला फोन लावला. मी निघाले, तर हाताने थांबवलं. तो जुना फोन, पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू यायचं. त्यांनी छोटीला सांगितलं. न अडखळता, तक्ता वाचावा तसं.

छोटीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, मुलाखत अठ्ठावीस तारखेला आहे. त्यानंतर सांगायचं होतं. महिनाभराचा तर प्रश्न. तारे कुठे पळून चाललेत?”

“तारे नाहीत पळणार.”

“मग?”

“तिथे कुणी विचारलं, आकडे पक्के आहेत का, तर काय सांगशील?”

“तुम्ही हा फोन केला नसता, तर पक्के आहेत म्हटलं असतं. आणि ते खोटं नसतं.”

“आता केला.”

“हो,” ती म्हणाली. “आता केलात.”

तिने शोधनिबंध मागे घेतला. तोही तसाच, न अडखळता, लेक कुणाची. मुलाखतीला गेली, हातात काही नव्हतं, जागा दुसऱ्याला गेली. आता ती एका मालवाहतूक कंपनीत गाड्यांची वेळापत्रकं बसवते. चांगली बसवते असं ऐकते. आईच्या वाढदिवसाला निरोप पाठवते. सरांच्या घराची पायरी ती सात वर्षांत चढलेली नाही.

तो फोन झाला त्याच संध्याकाळी वहिनी माझ्या घरी आल्या होत्या. हे सांगू की नको, असं मी त्यांना काल विचारलं. म्हणाल्या, सांगा, आता काय राहिलंय. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “तुम्ही आधी माझ्याकडे का नाही आलात? मी म्हटलं असतं, महिनाभर गप्प बसा.”

“आणि मी बसले असते, वहिनी?”

“ते मला माहीत नाही. पण मी म्हटलं असतं.”

आणि त्या जिना उतरून गेल्या.

मी छोटीला पत्र लिहिलं. चार पानी. उत्तर दोन ओळींचं आलं. ‘मावशी, मी सगळं स्वतः पुन्हा करून पाहिलं. तुम्ही म्हणता तेच येतं. कृपा करून पुन्हा लिहू नका.’

मित्रहो, आपल्याला वाटेल की इथून पुढे काहीतरी चांगलं घडलं असेल. गोष्टीत घडतं. सरांनाही तसंच वाटलं होतं. ते म्हणाले, उड्या मारणारे तारे म्हणजे नुसता गोंगाट. वर्षं वाढली की गोंगाट एकमेकांत जिरेल आणि खाली खरा उशीर असेल तर तो वर येईल. म्हणून त्यांनी दोनदा मुदतवाढ मागून घेतली. सात वर्षं आणखी मोजलं. खोडकर, शहाणे, सगळे चौऱ्याण्णव. मागच्या महिन्यात शेवटची बेरीज केली. मंदावण्याकडे कल आहे. पण तो इतका बारीक, की चुकण्याची जी मर्यादा आम्हीच लिहिलीय, तिच्या आतच बसतो. दुसरीकडच्या दोन गटांनी आपापले गुच्छ मोजले, त्यांचंही तेच आलं.

मघाशी एका वक्त्यांनी सरांना धीर दिला, की निकाल नकारात्मक आला तरी तो निकालच असतो. त्यांचा हेतू चांगला होता. पण सरांच्या हातात तोही नाही. सिद्धांत पास झाला नाही, नापासही झाला नाही. तारे का उड्या मारतात हे सिद्धांताला सांगता येत नाही, आणि त्या उड्यांखाली काय आहे हे आम्हाला दिसत नाही. सरांच्या अंदाजाने अजून ऐंशी वर्षं लागतील. ऐंशी वर्षं कुणाकडे मागायची?

आणि दुर्बीण तर येत्या एक तारखेपासून बंद होतेय. संचालक महोदय, मी तक्रार करत नाही. वरून कागद येतो, आपण सही करता, सही करताना खाली गेलेली आपली मान मी पाहिलीय. घुमटाची झडप कायमची बंद करून आत प्रेक्षकांसाठी दालन होणार आहे. पण इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नाही, ती सांगते. हे काम थांबवून नंतर पुन्हा सुरू करता येत नाही. ठोके मोजताना मध्ये मोठा खंड पडला, की त्या काळात नेमके किती ठोके पडले हेच कळेनासं होतं. साध्या घड्याळाचं चाललं असतं. उड्या मारणाऱ्याचं चालत नाही. धागा तुटला की अलीकडचं पलीकडे जोडता येत नाही. उद्या कुणी शहाणा माणूस पंधरा वर्षांनी याच गुच्छाकडे वळला, तर त्याला पहिल्या ठोक्यापासून मोजावं लागेल.

सरांनी चौदा वेधशाळांना पत्रं लिहिली. वर्षातून बारा वेळा, फक्त बारा वेळा, या गुच्छाचे वेध घ्या, अशी विनंती केली. तीन उत्तरं आली. तिघांनीही फार आदराने लिहिलं होतं. मोठ्या दुर्बिणींना वेळ नाही, आणि सगळं आकाश झाडून काढणाऱ्या नव्या दुर्बिणींना गर्दीतले तारे सुटे दिसत नाहीत. आपल्या काचा तळघरातल्या कोठीत जाणार आहेत. तिथली भिंत ओल धरते, हे मी लेखी कळवलं आहे. पोचपावती मिळाली.

गेल्या मंगळवारी सरांनी शेवटची वही पुरी केली. चौऱ्याण्णव तारे, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे ठोके. प्रत्येक ताऱ्यापुढे एक रकाना आहे, निष्कर्षाचा. मला म्हणाले, “भरा.” मी म्हटलं, “काय भरू?” म्हणाले, “आडवी रेघ.” मी चौऱ्याण्णव रेघा ओढल्या. पट्टी लावून ओढल्या. ते शेजारी बसून होते. पन्नासाव्या रेघेच्या आसपास त्यांनी विचारलं, “छोटीला कार्यक्रमाचं पत्र गेलं का?” मी म्हटलं, “गेलं, सर.” “पोचलं?” “पोचलं.” मग मी पुढची रेघ ओढली.

आज मी दोनदा दाराकडे पाहिलं. सर पाहत नाहीत, हेही मी पाहिलं.

माझी दहा मिनिटं केव्हाच संपली आहेत. निवेदक घड्याळाशी चाळा करतायत, आणि या सभागृहात घड्याळाचा मान राखायलाच हवा. तेव्हा आटोपतं घेते. मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आभार. पाहुण्यांना मध्येच खोडून काढलं, तरी ते हसऱ्या चेहऱ्याने ऐकत राहिले, त्यांचे विशेष आभार. कार्यशाळेतल्या मंडळींनी अडतीस वर्षं तो जुना घुमट तेल घालून घालून फिरता ठेवला, त्यांचे आभार कुणी मानले नाहीत, म्हणून ते मी मानते. सर, तुमचे आभार मानण्याइतकी मी मोठी नाही.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर सभागृहाने उदार मनाने सांभाळून घ्यावं. माणसाच्या हातून चूक झाली की क्षमा मागायला जागा असते. वहिनी, त्या सकाळी माझी मोजणी चुकली असती, तर मी केव्हाच तुमच्या दारी येऊन क्षमा मागितली असती. ती चुकली नव्हती. मग कशाची मागायची, ते मला अजून कळलेलं नाही, तरीही मागते.

नमस्कार.